कॅप्टन कुक नेमका कोणता? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीतल्या मुंबईवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली लांबलचक प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, लपवत नाही. दुसऱ्यांदा वाचताना तो निम्म्यावर आला, कारण तुमचा एक मुद्दा सोळा आणे बरोबर आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पीप्स हा लंडनमधला नौदल खात्यातला अधिकारी (स्पेलिंग काहीही असो, उच्चार पीप्स). त्याने १६६० ते १६६९ रोज लिहिलेल्या रोजनिशीत एक कॅप्टन कुक वारंवार भेटतो. मुंबईचा ताबा पोर्तुगीजांकडून घेतला तो हम्फ्री कुकने. तुमचं म्हणणं, हे दोघे एकच. मी "नुसत्या स्पेलिंगवरून" एका माणसाचे दोन केले. शिवाय पिअर्स नावाच्या दोन माणसांचा मी एक केला. आणि शेवटी, असला कीस काढून मुंबईच्या इतिहासात काय भर पडते?

स्पेलिंगपासून सुरुवात करू. स्पेलिंगवरून मी काहीही ठरवलेलं नाही. त्या काळात एकच नाव चार तऱ्हांनी लिहिलं जायचं. आपल्या हम्फ्री कुकलाच पोर्तुगीजांनी 'इनोफ्रे कोक' करून ठेवलंय. 'कॅप्टन' या बिरुदाचाही उपयोग नाही. इंग्लंडात आधी यादवी युद्ध होऊन गेलं होतं, आणि त्यात राजाच्या बाजूने लढलेले कितीतरी जण पुढे दुसऱ्याच उद्योगाला लागले तरी कॅप्टन म्हणूनच ओळखले जात. आपल्याकडे पाटीलकी गेली तरी पाटील उरतातच की.

मग ठरवायचं कशावरून? माणूस काय काम करतो आणि त्या दिवशी कुठे असतो, यावरून.

रोजनिशीतला कॅप्टन कुक गाणारा आहे. १२ ऑगस्ट १६६० च्या नोंदीत प्रवचनानंतर त्याने स्वतः रचलेलं भजन स्वतःच गायलं आणि राजा खूश झाला, असं पीप्स लिहितो. हा हेन्री कुक, राजाच्या चॅपेलमधल्या (म्हणजे खासगी चर्चमधल्या) गाणाऱ्या मुलांचा उस्ताद. फेब्रुवारी १६६७ मध्ये पीप्स त्याच्यावर वैतागतो: गातो उत्तम, रचतोही उत्तम, पण भलताच बढाईखोर.

आता दुसरा कुक बघा. हा सर अब्राहम शिपमनचा सेक्रेटरी. पोर्तुगालची राजकन्या, ब्रागांझाची कॅथरिन, हिच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या चार्ल्स राजाला मिळाली, ती ताब्यात घ्यायला शिपमनची पलटण १६६२ मध्ये निघाली. मुंबईतल्या पोर्तुगीजांनी बेट द्यायला नकार दिला, तेव्हा ही मंडळी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसली आणि तिथे बहुतेक सगळी रोगराईने गेली. एप्रिल १६६४ मध्ये खुद्द शिपमन गेला. उरलेल्यांचा कारभार हम्फ्री कुककडे आला, आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याने मुंबईत ताब्याच्या कागदावर सही केली.

ऑगस्ट १६६४ मध्ये पीप्सच्या घरी टॉम एडवर्ड्स नावाचा पोरगा कामाला आला. चार वर्षं राजाच्या चॅपेलमध्ये वाढलेला, आणि पाठवणारा कोण, तर कॅप्टन कुक. त्याच महिन्यात हम्फ्री कुक अंजदीववर उरलीसुरली माणसं जगवत होता. अंजदीवहून लंडनला गायक पोरगा पाठवणं त्याला जमलं असेल, असं तुम्हीही म्हणणार नाही.

तुमचा सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे कुकच्या गोतावळ्यात 'हम्फ्री' हेही नाव येतं. येतं, खरं आहे. पण तो पेलम हम्फ्री, हेन्री कुकचा शागीर्द, आणि हम्फ्री हे त्याचं आडनाव. फ्रान्सला जाऊन आल्यावर तो इतका फ्रेंच झाला की नोव्हेंबर १६६७ मध्ये पीप्सने त्याची यथेच्छ टर उडवली आहे. पुढे कुकच्याच मुलीशी त्याचं लग्न झालं आणि १६७२ मध्ये कुक वारल्यावर त्याची जागाही यालाच मिळाली. म्हणजे 'हम्फ्री' आणि 'कुक' शेजारी दिसतात ते सासरे-जावई म्हणून. शोधपेटीत दोन शब्द टाकले की हे असं होतं; मीही यात दोनदा आपटलोय.

जाता जाता, तिसराही आहे. कॅप्टन जॉर्ज कॉक, व्यापारी, नौदलाला ताग पुरवणारा. १६६५ मध्ये डच जहाजांच्या लुटीतला माल पीप्सने याच्याच भागीदारीत घेतला आणि मग दोघांनाही घाम फुटला. नोंदीत जहाज, ताग किंवा पैसा असला तर हा कॉक, आणि गाणं असलं तर तो कुक. लेखात मी याचा उल्लेखच केला नव्हता, तो करायला हवा होता.

आता पिअर्स. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. एक जेम्स, सर्जन. ज्याच्या देखण्या बायकोला पीप्स 'ला बेल पिअर्स' म्हणतो. दुसरा अँड्र्यू, जहाजावरचा पर्सर, म्हणजे आपला कोठावळा. १६६० मध्ये राजाला हॉलंडहून आणायला गेलेल्या ताफ्यात दोघेही होते, त्यामुळे 'जहाजावर भेटला' एवढ्यावरून काही सुटत नाही. पीप्सला स्वतःला ही अडचण ठाऊक होती, म्हणून तो बऱ्याचदा 'पिअर्स सर्जन', 'पिअर्स पर्सर' असं फोड करून लिहितो. आमच्या जिन्यात तीन कुलकर्णी आहेत: बँकवाले, क्लासवाले आणि वरचे. कुरिअरवाला विचारतो तेव्हा कुणीच आद्याक्षरं सांगत नाही. पीप्सचंही तसंच चालायचं. मी मात्र टिपणं काढताना धंदा गाळून नुसतं 'पिअर्स' उतरवलं आणि महिन्याभराने कोठावळ्याची नोंद सर्जनच्या नावावर लावून मोकळा झालो. काल दुरुस्ती केली. जिथे धंदा दिलेला नाही आणि संदर्भही बोलत नाही, तिथे 'दोघांपैकी एक पिअर्स' असं लिहिलंय. वाचायला खटकेल, पण असू दे.

पीप्सच्या स्वतःच्या घरात तर याहून कहर आहे. थॉमस पीप्स हा त्याचा सख्खा भाऊ, शिंपी. थॉमस पीप्स हा काका. त्या काकाचा मुलगाही थॉमस पीप्स, हा कातारी, म्हणून 'टर्नर'. (जेन टर्नर ही नात्यातली बाई वेगळीच, तिचं टर्नर हे नवऱ्याचं आडनाव.) यात तारखा कामी येतात. भाऊ टॉम १५ मार्च १६६४ ला वारला. ऑगस्टपासून घरात वावरणारा टॉम म्हणजे कुकने पाठवलेला तोच पोरगा. मधल्या पाच महिन्यांतल्या 'टॉम'पाशी मी हल्ली थांबून आधी मागचं पान उलटतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, याने काय भर पडते. तुमच्या प्रतिक्रियेतलंच वाक्य घ्या: "मुंबई घेणारा कुक लंडनच्या दरबारात राजाचा लाडका होता." दोन कुक एक केले की हे वाक्य आपोआप तयार होतं, आणि त्यावरून राजाला मुंबईचं किती महत्त्व होतं याचे इमले उभे राहतात. ज्याच्यावर राजा खूश झाला तो गवई. ज्याने मुंबई घेतली तो मेलेल्या साहेबाच्या जागी उभा राहिलेला सेक्रेटरी, ज्याला पोर्तुगीज व्हाइसरॉय लिस्बनमधला किराणा दुकानदार म्हणून हिणवत होता. पुढच्याच वर्षी त्याच्या जागी सर जर्व्हेस लुकस आला.

मुंबई अडल्याची बातमी रोजनिशीत १५ मे १६६३ ला आहे. पोर्तुगीजांनी आपल्याला फसवलं, अशी पीप्सची तक्रार आहे, आणि त्या नोंदीत शिपमनचं नाव आहे, कुकचं नाही. तुम्ही म्हणता ती "कुक आणि मुंबई एकत्र" असलेली नोंद तुमच्या आवृत्तीत ज्या तारखेला असेल, ती तारीख तेवढी कळवा. पान क्रमांक नको. आवृत्तीगणिक तो बदलतो.