कुष्ठरुग्णाचा तोल कशाने जातो?

‘कुष्ठरोगाचे जंतू कानाच्या पाळीतून आत शिरतात आणि माणूस बहिरा होतो. वर गोळ्यांनी चक्कर येते, तोल जातो, तेव्हा गोळ्या बंद करा.’ असा एक मजकूर ग्रुपांवर फिरतो आहे. त्यातलं शेवटचं वाक्य सर्वांत घातक.

आधी पाळी. ती जाड होते, तिच्यावर गाठी येतात, हे खरं. त्वचेचा नमुनाही बरेचदा तिथूनच घेतात. कारण एवढंच की या जंतूला शरीराचे गार भाग मानवतात: त्वचा, तिच्यालगतच्या नसा (रक्तवाहिन्या नव्हे, मज्जातंतू), नाक, पाळी. ऐकण्याचं यंत्र कवटीच्या टणक हाडात, उबेत असतं. पाळीतून तिथवर वाट नाही. तरी काही रुग्णांत, विशेषतः जंतू फार असलेल्यांत, श्रवणदोष आढळले आहेत. नाकातलं अस्तर सुजून कानाला दडे बसू शकतात. वयाचा वाटा वेगळाच. ऐकू कमी येत असेल तर श्रवणचाचणी करून घ्यावी.

तोलाचं म्हणाल तर मजकूर कान धरून बसला आणि पाय विसरला! तोल सांभाळायला डोळे आणि अंतर्कर्ण, म्हणजे कानाचा सर्वांत आतला भाग, लागतात, तसे तळपायही लागतात. या रोगाने घोट्याच्या आतल्या बाजूची नस गेली की तळव्याला जमीन कळत नाही. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची नस गेली की पाऊल लोंबतं, चालताना ठेचा लागतात. असा माणूस उजेडात बरा चालतो. अंधारात, किंवा तोंडाला साबण लावून डोळे मिटले की डगमगतो. ‘पिऊन आलाय’ म्हणायला गाव मोकळं.

राहिल्या गोळ्या. रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन यांतलं एकही औषध अंतर्कर्ण बिघडवण्यासाठी ओळखलं जात नाही. ती ख्याती क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिन इंजेक्शनची. डॅप्सोनमुळे काहींचं रक्त कमी होतं आणि गरगरतं, पण त्यासाठी हिमोग्लोबिन तपासून डॉक्टर औषध बदलून देतात. सहा किंवा बारा महिन्यांचा हा कोर्स सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. तो अर्ध्यात सोडला तर जंतू उरतात आणि तोल सांभाळणाऱ्या त्याच नसा आणखी खराब होऊ शकतात.

पाऊल नव्यानेच लोंबू लागलं असेल, तर गोळ्या चालू ठेवून लगेच दवाखाना गाठावा. सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइडचे उपचार सुरू झाले तर नस सावरण्याची शक्यता बरीच असते.