पाच वर्षं सभागृह बंद होतं आणि आपण स्टेटसवर भांडत होतो

आज जरा मोठं लिहितोय. वेळ असेल तर पूर्ण वाचा, पटलं नाही तर खाली खुशाल सांगा, फक्त कुणाच्या आईबहिणीवर जाऊ नका एवढीच हात जोडून विनंती.

आमच्या कोल्हापूर महापालिकेची मुदत संपली नोव्हेंबर 2020 ला आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मधल्या काळात शहराला ना नगरसेवक, ना महापौर, ना स्थायी समिती. एक अख्खी टर्म गेली की हो! नवी मुंबई, संभाजीनगर, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार सगळीकडं 2020 पासून प्रशासक, आणि मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक 2022 पासून. घटनेत 74 व्या दुरुस्तीनं आलेलं 243-यू कलम आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की मुदत पाच वर्षं, त्याच्या वर नाही, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. एवढं सरळ लिहिलेलं असून पाच वर्षं कुणी पाळलं नाही आणि आपल्यापैकी फार कुणी त्यावर आवाजही उठवला नाही, हे मला जास्त टोचतं.

कारणं सगळ्यांकडं आहेत. आधी कोरोना, ते मी मान्य करतो. मग मार्च 2021 चा सुप्रीम कोर्टाचा ओबीसी आरक्षणाचा निकाल, ती ट्रिपल टेस्ट, म्हणजे आयोग नेमा, आकडेवारी द्या आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत ठेवा या तीन अटी, मग ती आकडेवारी गोळा करायला बांठिया आयोग. ओबीसींचं राजकीय आरक्षण टिकलं पाहिजे याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही, पण आकडेवारी गोळा करायला किती वेळ लागावा? त्यात प्रभागरचनेचा खेळ. आघाडी सरकारनं मुंबईच्या 227 जागांच्या 236 केल्या, शिंदे सरकारनं 2022 मध्येच त्या परत 227 केल्या, की परत कोर्ट, परत तारखा. शेवटी 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेही जमलं नाही आणि 31 जानेवारी 2026 पर्यंत मुदत वाढवून घेतली. म्हणजे दोन्ही बाजूंची सरकारं येऊन गेली आणि घाई एकालाही नव्हती. का असावी? प्रशासक सरकारनं नेमलेला अधिकारी, त्यामुळं मुंबईत बसून शहर चालवता येतं, मधे कुणी प्रश्न विचारणारा नाही.

आता काहीजण म्हणतील, बरं झालं, नगरसेवक म्हणजे टक्केवारी, त्यापेक्षा प्रशासक परवडला. हे मी तालमीच्या कट्ट्यावर इतक्यांदा ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. पण नीट बघा. एरवी आयुक्त बजेट मांडतात, 16 जणांची स्थायी समिती त्यावर बसते, मग महासभेत चर्चा होते, उपसूचना येतात. प्रशासक असला की स्थायी समितीचे अधिकारही त्याच्याकडं, महासभेचेही त्याच्याकडं. मांडणारा तोच आणि मंजूर करणारा पण तोच. अधिकारी प्रामाणिक असेलही, असतातच बरेच, पण त्याला भर सभेत उभं करून विचारणारं कुणीच नाही. पूर्वी सभेच्या दुसऱ्या दिवशी पेपरात अर्धं पान यायचं, कोण कुणाला काय बोललं, कुणी गढूळ पाण्याची बाटली टेबलावर आणून ठेवली, ऐनवेळच्या विषयात काय घुसवलं. आरडाओरडा असायचा, मान्य. पण त्या आरडाओरड्यातूनच आपल्याला कळायचं की पैसा कुठं चाललाय.

आणि अजून एक गोष्ट व्हायची, माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. वेगवेगळ्या विचारांच्या माणसांना एका खोलीत बसावं लागायचं. आवडो न आवडो, पाणी नि गटार तर दोघांचंही तेच ना.

टोलचं आंदोलन आठवा. 220 कोटींचे रस्ते आणि त्यासाठी 30 वर्षं टोल, हा करारही नगरसेवक असतानाच झाला होता, मी ते झाकत नाही. पण त्याविरुद्ध शहर उभं राहिलं तेव्हा शेकापचे एन. डी. पाटील सर आणि कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे अण्णा पुढं होते आणि त्यांच्या शेजारी भगवे झेंडेवाले, काँग्रेसवाले, तालमीची पोरं, रिक्षावाले, सगळे सर्वपक्षीय कृती समितीत. ज्यांना अण्णांचं एक वाक्य पटायचं नाही तेही त्यांच्या शेजारी रस्त्यावर बसायचे. तिथं कुणी कुणाला देशद्रोही म्हणलं नाही, अंधभक्त म्हणलं नाही, आपापली मतं आपापल्याजवळ ठेवून एका प्रश्नावर हटून बसले. फेब्रुवारी 2015 मध्ये अण्णांवर सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या झाडल्या, त्यात ते गेले. टोल रद्द झाला त्याच वर्षीच्या डिसेंबरात, त्यांना तो बघायला मिळाला नाही. आणि त्यांच्या खुनाचा खटला दहा वर्षांनंतरही चालूच होता. हे लिहिताना आजही हात थरथरतो.

त्याच शहरात 7 जून 2023 ला काय झालं? काही पोरांनी मोबाईलवर औरंगजेब-टिपूचं स्टेटस ठेवलं, त्याविरुद्ध हिंदुत्ववादी संघटनांनी बंद पुकारला, शिवाजी चौकात हजारो जमले, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. शाहू महाराजांचं गाव म्हणून आपण जगभर सांगतो आणि एका स्टेटसवरून दुकानं फुटली. स्टेटस चुकीचं होतं तर पोलीस होते, कायदा होता. सभागृह असतं तर दंगल झाली नसती असा माझा दावा नाही. पण प्रत्येक प्रभागात दोन्ही बाजूंना ओळखणारा, रात्री फोन उचलणारा, दोन्हीकडची मतं हवी असल्यामुळं का होईना मधे उभा राहणारा एक निवडून आलेला माणूस त्या दिवशी शहरात नव्हता, ही गोष्ट खरी आहे.

वरच्या पातळीवरही तेच दिसतंय. नोव्हेंबर 2024 च्या निकालानंतर 288 च्या विधानसभेत सगळ्यात मोठ्या विरोधी पक्षाचे 20 आमदार, एक दशांशही नाहीत, म्हणून विरोधी पक्षनेताच नेमला नाही. ऑगस्ट 2025 ला विधान परिषदेतल्या विरोधी पक्षनेत्याचीही मुदत संपली आणि डिसेंबरचं नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याशिवाय झालं. मत कुणालाही दिलेलं असो, सरकारला अधिकृतपणे उलटं विचारणारी खुर्ची रिकामी असणं कुणाच्याच फायद्याचं नाही, आज जे सत्तेत आहेत त्यांच्या मतदारांच्याही नाही. उद्या तेही तिकडं बसतील.

आता निवडणूक झाली, चांगलंच झालं. पण 2015 ला आमच्याकडं एका प्रभागाला एक नगरसेवक होता, आता चारचा प्रभाग आहे, चार वेळा बटण दाबायचं. रांगेत माझ्या पुढच्या मावशी एकच बटण दाबून निघाल्या होत्या, आतल्या मॅडमनी थांबवून परत पाठवलं, अजून तीन राहिली म्हणून. आता त्या मावशींच्या दारात कचरा साठला तर चारपैकी कुणाला फोन करायचा? चौघं एकमेकांकडं बोट दाखवणार. मला तरी ही पद्धत लोकांपेक्षा पक्षांच्या सोयीची वाटते.

म्हणून एक काम करायचं ठरवलंय. आपल्या कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. गावात जशी ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा, मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातली कामं सुचवायची. ती कधी भरलेली माझ्या तरी बघण्यात नाही. आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना, दोन्ही बाजूंच्या, एकच पत्र देणार आहे की पहिली क्षेत्रसभा कधी घेताय ते तारखेसकट सांगा. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. आमच्या भागातले असाल तर सहीला या, कुठल्याही पक्षाचे असा, दुसऱ्या शहरातले असाल तर तुमच्या प्रभागाचं नाव घालून तुमच्या नगरसेवकांना द्या. आणि सहीला येताना ज्याच्याशी मागच्या वर्षभरात ग्रुपवर भांडण झालंय त्याला फोन करून सोबत आणा, मीही आणणार आहे.