सिमेंटची पोती

सुट्टीत कुठे जायचं यावर घरात मतदान झालं आणि फिलिपिन्समधल्या कोरोनला एक मत पडलं. माझं.

२४ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी तिथे दडून बसलेली जपानी जहाजं बुडवली. ती अजून तळाशी आहेत, हे मी उत्साहाने सांगितलं. बायको मेथी निवडत होती.

"बुडालेलं बघायला एवढे पैसे? तुमचे शेअर्स बघा की."

मी चिवटपणे कोग्यो मारू या मालजहाजाची गोष्ट काढली. पोटात सिमेंटची पोती. एकावर एक रचलेली, तशीच दगड झालेली.

"आपल्या पार्किंगमध्ये बिल्डरने टाकलेली पोती पण दगडच झालीत. तिकडे फुकट जाता येतं."

मग स्कूबा डाइव्हिंगचा मेडिकल फॉर्म. दमा, सायनस, कान, हृदय, सगळ्याची उलटतपासणी. आमचे डॉक्टर एरवी न वाचता सही ठोकतात. या वेळी पेन हवेतच थांबलं.

"सर्दी असली तर?"

"कानातला दाब मोकळा होत नाही. डाइव्ह रद्द."

"तुम्हाला जून ते मे सर्दी असते!"

सही केली, पण माझ्याकडे न बघता.

खरी गोची रात्री एक्सेल उघडल्यावर कळली. तारकर्लीला मिळवलेल्या माझ्या डाइव्हिंग कार्डाची हद्द १८ मीटर खोल. इराको हे रसदीचं जहाज टेकलंय चाळिसाच्याही पुढे. म्हणजे मी अर्ध्या वाटेवर लटकून 'असेल इथंच कुठंतरी' म्हणणार. एकेक जहाज खोडत मी वर वर येत गेलो. ओकिकावा मारूचं डेक जमेल, असं वाटलं. त्याच्याही वर लुसाँग बेटाजवळची गनबोट, जी तोंडात स्नॉर्केलची नळी धरून पृष्ठभागावरूनही दिसते.

शिवाय एवढ्या डाइव्ह झाल्यावर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. अंगातला नायट्रोजन निघून जायला हवा. हा एकच नियम बायकोला ताबडतोब पटला.

"म्हणजे एक दिवस खरेदी. काय मिळतं तिथे?"

"काजू."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिचं माहेर मालवणचं.

"अहो, पण ती गनबोट मला वरून दिसेल ना?"

"दिसेल."

"आणि तुम्हाला?"

"खालून."

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, 'वरून' असा नवा कॉलम घातला, त्यात आपलं नाव लिहिलं. मग जरा थांबून खालच्या ओळीत लिहिलं, 'आई'.