स्वभावाला औषध नाही?

वैकुंठ स्मशानभूमीत अप्पा हसले, तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. मावसभावाला पोचवायला गेलेला माणूस. कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि हे खो खो हसत सुटले. नातेवाईकांनी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटवला.

सदाशिव पेठेत चाळीस वर्षं लोकांचे हिशेब लिहिलेला हा माणूस. रिक्षावाल्याने दोन रुपये जास्त परत दिले तर मागे पळत जाऊन देणारा. तोच पुढे कोपऱ्यावरच्या दुकानात पेढा उचलून सरळ तोंडात टाकायला लागला. पैसे न देता. एकदा भर दुकानात मी ओरडले, “अप्पा, लाज नाही वाटत?” त्यांनी शांतपणे दुसरा पेढा उचलला.

एका डॉक्टरांनी निवृत्तीचं नैराश्य म्हणून गोळ्या दिल्या, त्यात दीड वर्ष गेलं. मग एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी त्यांच्याशी खेळ मांडला. “मी टेबलावर एकदा टकटक केलं की तुम्ही पण एकदा करायचं. मी दोनदा केलं तर हात उचलायचाच नाही.” अप्पांना नियम पाठ. बाईंनी विचारला, बिनचूक सांगितला. बाईंनी दोनदा टकटक केली, अप्पांनीही दोनदा केली. प्रत्येक वेळी. कळत होतं, थांबता येत नव्हतं. एमआरआयमध्ये कपाळामागचा भाग आक्रसलेला दिसला. आजाराचं नाव फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. यात बऱ्याचदा स्मरणशक्ती नाही, आधी वागणं बिघडतं. म्हणून घरचे ‘विसरत तर नाहीत ना’ म्हणत गाफील राहतात. आम्हीही राहिलो.

फिनिअस गेजची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. 1848 साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर सुरुंग उडाला आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, पण इतका बदलला की ओळखीचे म्हणू लागले, हा आपला गेज नव्हेच. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. तोच गेज नंतर चिलीमध्ये जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. जखम झाली ती झाली, उरलेल्या मेंदूने जमवून घेतलं असावं. अप्पांचा आजार तसा एका जागी थांबणारा नाही आणि त्याला थोपवणारं औषधही आज नाही. म्हणीचा असा शब्दशः अर्थ निघेल असं वाटलं नव्हतं.

माझं म्हणणं इतकंच, की ‘संस्कार’, ‘भिडस्तपणा’, ‘सचोटी’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्यातला मोठा भाग म्हणजे मेंदूने वेळेवर लावलेला ब्रेक असतो. संस्कार खोटे नाहीत, पण तेही लिहिले जातात त्याच मेंदूत. आणि बुद्धी ही काही एकच वस्तू नव्हे. अप्पांना पावकी-निमकी आजही घडाघडा येते. (बोटांचे ठसे घेऊन ‘तुमच्या मुलाचा मेंदू कसा आहे’ ते सांगणाऱ्या क्लासवाल्यांनी एकदा आमच्या घरी यावं. चहा देईन.)

पेढेवाल्या काकांकडे आता आम्ही खातं उघडलंय. अप्पा येतात, खातात, काका वहीत लिहितात. परवा पैसे चुकते करायला मी गेले, अप्पा बरोबर होते. त्यांनी तोंडात पेढा असतानाच वही ओढून घेतली, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “बेरीज चुकलीय. चाळीस रुपये कमी लावलेत तुम्ही.”