वाऱ्याला कशाला दोष देताय

छोटं विमान पडलं की बातमीत आधी वारा येतो. जोराचा वारा होता, अचानक झोत आला, विमान हेलकावलं वगैरे. आणि मग कधीतरी खाली पाचव्या सहाव्या ओळीत हळूच, की चालवणाऱ्याकडे लायसन नव्हतं. अरे मग ही ओळ वर घ्या ना!

कमेंटमध्ये लोक लगेच म्हणतात लायसन काय कागद असतो, हात बसलेला असला की झालं. मला हे अजिबात पटत नाही. हात बसतो तो शांत हवेत. विमानाला जमिनीवरचा स्पीड कळतच नाही हो, त्याला कळते फक्त पंखांवरून जाणारी हवा. समजा सेसना १७२ हे छोटं विमान ६५ नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी) उतरायला येतंय, समोरून २७ नॉटचा झोत आहे आणि तो एकदम पडून १५ वर आला. म्हणजे क्षणात १२ नॉट गायब, पंखांना मिळाले ५३. उचल स्पीडच्या वर्गावर चालते, त्यामुळे जवळजवळ एक तृतीयांश उचल गेली, वजन मात्र तेवढंच, आणि जमीन वीस फुटांवर. अशा वेळी न शिकलेला माणूस काय करतो, घाबरून नाक वर खेचतो, विमान अजून स्लो होतं आणि स्टॉल होऊन बसतं, म्हणजे पंखांची उचलच तुटते. खरं तर तिथे पॉवर द्यायची, नाक सांभाळायचं आणि नीट जमत नसेल तर गो-अराउंड करून, म्हणजे न उतरता वर जाऊन, परत यायचं. हे वाचून समजतं, पण हाताला समजायला शेजारी इन्स्ट्रक्टर बसवून अशाच हवेत दहा वेळा घाम गाळावा लागतो.

झोतांची हवा असली की झोत आणि साधा वारा यांच्यातल्या फरकाच्या निम्मा स्पीड जास्त ठेवून यायचं हा साधा नियम आहे, इथे फरक १२ म्हणजे ६ नॉट जास्त. आणि वारा बाजूने असेल तर अजून वेगळीच गंमत, नाक एकीकडे, जाणं दुसरीकडे, टेकायच्या क्षणी शेपटीवरच्या रडरने सरळ करायचं आणि वाऱ्याच्या बाजूचा पंख खाली धरून ठेवायचा, चाकं टेकल्यावरसुद्धा सोडायचा नाही. १७२ च्या पुस्तकात क्रॉसविंडचा, म्हणजे बाजूच्या वाऱ्याचा आकडा १५ नॉट आहे, ताशी साधारण २८ किमी, पण तो अनुभवी टेस्ट पायलटने करून दाखवलेला आकडा आहे, तुमच्या आमच्यासाठी दिलेली गॅरंटी नाही.

आणि वारा काही दबा धरून बसलेला नसतो! त्याचा आकडा झोतासकट हवामानाच्या रिपोर्टमध्ये मिळतो, उडायच्या आधी मिळतो.

२०२२ मधला फ्लोरिडाचा किस्सा हमखास तोंडावर फेकला जातो, पायलटची शुद्ध हरपली आणि विमान चालवायचा काही अनुभव नसलेल्या प्रवाशाने विमान उतरवलं. हो, उतरवलं, पण रेडिओवर त्याला सांगणारा कंट्रोलर स्वतः फ्लाइट इन्स्ट्रक्टर होता आणि मोठ्या एअरपोर्टचा भलामोठा रनवे मिळाला. त्या बिचाऱ्याला पर्याय नव्हता म्हणून तो बसला, हौस म्हणून नाही.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारी गोष्ट. एप्रिल १९९६, वायोमिंगमधलं शायेन, ७ वर्षांची जेसिका डबरॉफ विक्रमासाठी स्वतः विमान चालवत अमेरिका आरपार उडायला निघालेली, मागे टीव्हीवाले. शेजारी लायसनवाला इन्स्ट्रक्टर होता, वडील सोबत, विमान मर्यादेपेक्षा जड, साधारण सहा हजार फुटांवरची विरळ हवा, वादळ जवळ येतंय, पाऊस, झोत. तरी निघाले. टेकऑफनंतर लगेच स्टॉल, तिघेही गेले. चौकशीत दोष वाऱ्याला नाही, अशा हवेत निघायच्या निर्णयाला दिला गेला. त्यानंतर विक्रमासाठी लायसन नसलेल्याच्या हातात कंट्रोल द्यायला कायद्याने बंदी आली.

म्हणजे लायसन असूनही माणूस चुकतो, मान्य. पण त्या माणसाला निदान 'आज नको' म्हणायला शिकवलेलं तरी असतं, त्या दिवशी कॅमेऱ्यांपुढे ते निघालं नाही हा भाग वेगळा. लायसनशिवाय उडणाऱ्याला तर ते म्हणणारंच कुणी नसतं, कारण ज्यांनी म्हणायचं त्या सगळ्यांना तो आधीच टाळून आलेला असतो. शिकाऊ असेल तर इन्स्ट्रक्टरने सही केल्याशिवाय सोलो, म्हणजे एकट्याने उडणं नाही आणि सोलोतसुद्धा प्रवासी न्यायचा नाही, हे काय उगाच आहे का? आणि हे महाशय मित्राला शेजारी बसवून निघतात, त्याला बहुतेक वेळा माहीतही नसतं की आपण कुणाच्या भरवशावर बसलोय. मला राग येतो तो याचा.