‘मित्रकीटकांनी कीड आटोक्यात येत नाही’ म्हणणाऱ्यांना

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मित्रकीटक, म्हणजे किडीला खाणारे किंवा मारणारे किडे, ही पुस्तकातली गोष्ट, एवढेसे किडे एकरभर किडीला पुरे पडत नाहीत, ट्रायकोकार्ड (मित्रकीटक असलेलं, पिकात टाचायचं कार्ड) लावून फरक पडत नाही, खात्री हवी तर फवारणीच करा, आणि सोडलेले किडे पुढे पिकावरच उलटतात. हे वाचून कुणी कार्डं घ्यायचा विचार सोडून देईल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘एवढेसे किडे पुरे पडत नाहीत.’ ज्यांनी २००२ नंतरचा ऊस पाहिलाय त्यांनी तरी हे म्हणू नये. त्या वर्षी सांगली भागात लोकरी मावा ही उसाचा रस शोषणारी कीड दिसली आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरली. पानांच्या खालच्या अंगाला पांढरी लोकर, तिथून गळणारा चिकट स्राव आणि खालच्या पानांवर त्याची काळी बुरशी. ऊस डोक्याच्या वर गेलेला, सरीत शिरायला वाट नाही. पाठीवर पंप घेतलेल्या माणसानं पानांच्या खाली औषध पोचवायचं कसं? तो मावा आवरण्यात मोठा वाटा होता डिफा नावाच्या पतंगाच्या अळीचा आणि मायक्रोमस या तपकिरी, जाळीदार पंखांच्या कीटकाचा. डिफाची अळी माव्याच्या गर्दीतच जाळं करून राहते आणि मावा खाते. हेक्टरी १००० अळ्या किंवा कोष सोडा, अशी शिफारस होती. लोकांनी डिफा असलेली पानं कापून एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन अडकवली. पुढे आसामातली एन्कार्शिया ही बारीक परोपजीवी माशीही (किडीच्या अंगात अंडी घालून तिला मारणारी) कामी आली. लोकरी मावा संपला नाही, आजही कुठे कुठे दिसतो; पण त्याची ती दहशत राहिली नाही.

पपईचंही तेच. पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी पांढरी कीड. ती २००८ मध्ये कोइमतूरला आढळली आणि पुढे आपल्याकडेही आली. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तिचे परोपजीवी कीटक आणून, तपासून सोडले, आणि त्यातल्या अ‍ॅसेरोफॅगसनं बागा सावरल्या.

‘ट्रायकोकार्ड लावून फरक पडत नाही.’ हा अनुभव अनेकांना खरोखर येतो, म्हणून याच्यावर जरा थांबतो. कार्डावर साधारण २०,००० अंडी असतात, तांदळावरच्या पतंगाची. त्या अंड्यांच्या आत ट्रायकोग्रामा वाढत असतो. अर्धा मिलिमीटरच्या आसपासचा हा जीव बाहेर पडून किडीची अंडी शोधतो आणि त्यांत आपली अंडी घालतो. म्हणजे तो फक्त अंड्यांवर चालतो. खोडकिडीची अळी उसात शिरली, पोंगा (मधला कोवळा शेंडा) वाळला, आणि मग आपण कार्ड आणलं, तर त्याला करण्यासारखं काही उरत नाही. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) पतंग दिसू लागले की कार्ड लागलं पाहिजे, आणि एकदा लावून भागत नाही. हप्त्या-दहा दिवसांनी पुन्हा लावायचं. दुकानात उन्हात पडलेलं कार्ड घेऊ नका, त्यातले कीटक आधीच बाहेर पडून मेलेले असू शकतात. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खाली टाचा. मुंग्या कार्ड फस्त करतात, तेही बघा. आणि मागच्या-पुढच्या आठवड्यात विषारी फवारणी केलीत तर पैसे पाण्यात. यातलं एक जरी चुकलं तरी दोष कार्डाला लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

‘खात्री फवारणीचीच.’ पहिल्या दोन दिवसांची, हो. नंतर? फवाऱ्यात कीड मरते तसे तिला खाणारेही मरतात. कीड लवकर वाढते. तिला खाणारे मागाहून येतात, कारण त्यांचं खाणंच ती कीड आहे. मधल्या काळात रान मोकळं. भातावरचे तुडतुडे असेच उसळले म्हणून इंडोनेशियानं १९८६ मध्ये भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसं गेली. फवारणी स्वस्त म्हणताना तो हिशेबही धरा. कधीच फवारू नका, असं मी म्हणत नाही. कीड नुकसानीच्या पातळीपुढे गेली की औषध लागतं. पण दर आठवड्याला, कीड असो वा नसो, पंप उचलण्याला खात्री म्हणत नाहीत.

‘सोडलेले किडे पिकावर उलटतात.’ ट्रायकोग्रामाला पान खाताच येत नाही. हा समज बहुधा वांग्यावरच्या एपिलॅक्ना भुंगेऱ्यामुळे पसरला असावा. तो लेडीबर्डच्याच कुळातला, पण पानं खाणारा. अंगावर बारीक लव असलेला, मळकट, आणि त्याची अळी पिवळी, काटेरी. माव्यावर ताव मारणारे लेडीबर्ड बहुतेक गुळगुळीत, चकाकणारे असतात.

द्राक्षबागेत याच्या उलटी चूक होते. पिठ्या ढेकणासाठी सोडलेल्या क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी भरलेली असते. ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) ती दिसली की कीड वाढली समजून लोक तिलाच चिरडतात. पिठ्या ढेकूण जागेवर चिकटून बसतो, फार तर सावकाश सरकतो. ही अळी त्याच्याहून मोठी असते आणि भराभर चालते. चिरडण्याआधी काडीनं हलकेच डिवचून बघा.