टीचर, गुडघ्यासाठी पुस्तक सांगा

पहिली गोष्ट, मी टीचर नाही. कधीच नव्हते. सरकारी खात्यात क्लार्क म्हणून रिटायर झाले, पण आमच्याकडे चष्म्यातली बाई हातात दोन पुस्तकं घेऊन दिसली की ती टीचरच, मग तुम्ही कितीही सांगा. त्यात मी वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून पुस्तकांबद्दल चार ओळी टाकते, त्यामुळे कोणाला काय वाचावं हे सांगायचं काम माझ्याकडे आपोआप आलंय. पगार नाही. मान पण नाही, हे परवा कळलं.

गोव्यात फोंडा तालुक्यातलं एक वाचनालय. नाव सांगत नाही, मला तिथे परत जायचंय. पुस्तक बदलायला गेले होते तर एक बाई थेट माझ्याकडेच आल्या, म्हणाल्या टीचर, तुम्ही पुस्तकं सांगता ना, आमच्या घोवाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दिवसभर घरात बसून माझ्यावर खेकसतात, त्यांना काहीतरी द्या.

आता अशा वेळी माझी एक पद्धत आहे. मी लगेच नाव सांगत नाही. आधी विचारते, शेवटचं काय आवडलं होतं, वाचतात कधी, बसून की आडवे पडून. कारण बसमध्ये वाचणाऱ्याला छोट्या कथा लागतात, झोप न येणाऱ्याला जाडजूड कादंबरी, आणि ज्याला कादंबरी म्हणजे सगळं खोटंच वाटतं त्याला आत्मचरित्र. ‘मस्त आहे, वाचाच’ असं सगळ्यांना एकच पुस्तक सांगत सुटणाऱ्यांचा मला भयंकर राग आहे. तर मी विचारलं, ते आधी काय वाचायचे?

‘पेपर. आणि विजेचं बिल.’

‘आवड कशाची?’

‘नुस्त्याची.’

म्हणजे मासळीची. रोज सकाळी बाजारात जाऊन इसवणाचे कल्ले उघडून बघणे हाच त्यांचा व्यासंग, आणि आता तोच बंद पडलेला. मी विचारात पडले आणि तेवढ्यात मागून आवाज आला, ‘मासळीचं पुस्तक नाही इथे. मी बघितलंय.’

हे पेपरवाले बाब. रोज वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर हजर असतात, आत आले की सगळे पेपर स्वतःसमोर गोळा करतात आणि श्रद्धांजलीच्या पानापासून सुरुवात करतात. ओळखीचं कोणी गेलेलं नसेल तर तोंड जरा पडतं. पुस्तकाला मी त्यांना कधी हात लावताना बघितलं नाही, पण कपाटांच्या समोर बसून त्यांना सगळ्या पुस्तकांची पाठ पाठ झालीय.

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून ‘बनगरवाडी’ काढलं. व्यंकटेश माडगूळकर, वाक्यं छोटी, पुस्तक छोटं, एक तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो आणि ती वस्तीच हळूहळू आपली होऊन जाते. सवय गेलेल्या माणसाला पुन्हा वाचायला लावायला याच्याइतकं चांगलं मला तरी दुसरं सुचत नाही.

‘त्यात मेंढरं आहेत,’ बाब म्हणाले. ‘त्यांना मासे आवडतात.’

बाईंनी पुस्तक खाली ठेवलं.

मी ‘मृत्युंजय’ दाखवलं. बाबांनी ते हातात घेऊन नुसतं तोललं. ‘हे आडवं पडून वाचणार? छातीवर पडलं तर गुडघ्याबरोबर बरगडी पण जाईल गो.’ लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढलं, म्हटलं हसवतं पण आणि रडवतं पण. ‘त्यात तिचा घोव ख्रिस्तांव होतो ना?’ हो, 1895 साली, पण पुस्तक त्याच्यासाठी नाही वाचायचं, ती बाई सांगते कशी ते बघायचं... ‘नको नको. आमचे देव पोर्तुगीजांच्या वेळी ह्याच भानगडीत नदी ओलांडून फोंड्यात आले. आजारी माणसाला कशाला टेन्शन?’

आता मी पेटले. म्हटलं आपल्या माणसाचं देते. धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’. आपल्या सांकवाळचा माणूस, 1876 चा जन्म, शाळेचं शिक्षण जेमतेम, आणि बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा म्हणून घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, थेट सिलोनपर्यंत गेला, पाली भाषा शिकला, पुढे अमेरिकेत हार्वर्डला जाऊन काम केलं. आणि लिहिलंय इतकं साधं की कुठे फुशारकी म्हणून नाही.

‘सांकवाळचे?’ बाबांनी चक्क पेपर खाली ठेवला. ‘कोणाचे ते?’

इथून पुढे पुस्तक संपलं. बाबांच्या भाच्याची सासुरवाडी सांकवाळची. बाईंची आतेबहीण पण तिथेच दिलेली, देवळाच्या वरच्या बाजूला. ती कोणाची सून, म्हणजे ते पोस्टातले, नाही, पोस्टातले वेगळे, हे आंब्याचं झाड पडलं त्यांचे. दोघांचं नातं कुठूनतरी जुळलं आणि दोघांनाही फार आनंद झाला. मी मधोमध ‘निवेदन’ धरून उभी, देवळात आरती संपेपर्यंत ताट धरून ठेवतात तशी. शेवटी बाईंना माझी दया आली असावी. म्हणाल्या, ‘मग घर सोडून गेले म्हणजे, लग्न झालं होतं?’

झालं होतं. बायको आणि लहान मुलीला मागे ठेवून गेले होते.

बाई एक पाऊल मागे सरकल्या. ‘हे नको. आमचे आधीच म्हणतायत गुडघा बरा झाला की कुठेतरी निघून जातो.’

मग बाब उठले. कोपऱ्यातल्या रद्दीच्या ढिगातून त्यांनी एक जुना दिवाळी अंक ओढून काढला. धूळ झटकली ती माझ्या बाजूला. ‘हे घ्या. रेसिपी आहेत, जोक आहेत, शब्दकोडं आहे, अर्धं कोणीतरी सोडवलेलं आहे म्हणजे सोपं जाईल. आणि राशीभविष्य.’

मी म्हटलं अहो, ते भविष्य जुनं आहे.

‘तेंच बरें! खरं झालं की नाही ते लगेच कळतं.’

अक्षरही मोठं होतं, हे त्यांनी बाईंना पान उघडून दाखवलं, आणि हा मुद्दा बरोबर असल्यामुळे माझा संताप दुप्पट झाला. बाई खूश. अंक घेऊन निघाल्या. दारातून मला म्हणाल्या थँक्यू हां टीचर, आणि बाब माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने म्हणाले, ‘टीचर, पुस्तक सांगायचं म्हणजे आधी माणूस बघायचा असतो.’

माझंच वाक्य! माझं! मी हे ग्रुपवर कितीदा लिहिलंय!

अर्थात ग्रुपवर तरी कोण वाचतं. भजनी मंडळातल्या एकीला महाभारताचं वेड म्हणून मी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ दिलं, ललित नाही पण कादंबरीपेक्षा खिळवून ठेवतं, 1968 साली साहित्य अकादमी मिळालंय. तिने परत आणून दिलं, म्हणाली देवाला माणूस करून टाकलाय, आणि अकादमीवाले काय, कोणालाही देतात. भाचा अ‍ॅग्रीकल्चर शिकतो म्हणून त्याला वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. गुलामीत जन्मलेलं पोर, 1896 मध्ये अमेरिकेतल्या टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला जातं आणि भुईमुगाच्या शेंगेतून काय काय उभं करतं. भाच्याने विचारलं, पगार किती होता? म्हटलं तो पगारवाढ नको म्हणायचा. ‘मग ह्यात मोटिव्हेशन काय?’ त्याला सरकारी नोकरी हवीय.

आणि कवी. आमच्याकडे माडाला नारळ लागावेत तसे कवितासंग्रह येतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण प्रकाशनाला गेलात की भेटप्रत हातात पडते आणि आठवड्यात फोन, अभिप्राय कुठे? प्रामाणिक लिहिलं तर रस्त्यात ओळख नाही. गोड लिहिलं तर पुढच्या संग्रहाची प्रस्तावना.

पण सगळ्यात जास्त जळतं ते एका प्रश्नाने. मी रात्री जागून लिहावं, आणि खाली पहिली कॉमेंट यावी, ‘पीडीएफ आहे का?’ दुसरी, ‘मला पण.’ मग तीन हात जोडलेले. श्रावण संपल्यावर इसवणाला काय भाव असतो ते विचारत नाही हे लोक, पिशवी पुढे करतात. आणि अडीचशे रुपयांच्या पुस्तकाला हात लावताना महागाई आठवते. बरं, विकत नको तर नको, पणजीला पाटोवर एवढी मोठी सेंट्रल लायब्ररी उभी आहे, तिची सुरुवात 1832 ची, पोर्तुगीज गेले पण ती राहिली, तिथे जा ना! तर नाही, पार्किंग मिळत नाही म्हणे. लेखकाने दोन-तीन वर्षं घालवून लिहायचं आणि ह्यांना ते गुड मॉर्निंगच्या फुलाबरोबर फुकट हवं. चोरी आहे ती सरळ. हे मी ग्रुपवर लिहिलं होतं एकदा. त्यालाही कोणीतरी फुल पाठवलं.

काल मी तिरीमिरीत ‘बनगरवाडी’वर लांबलचक लिहून टाकलं, मेंढरांसकट. थोड्या वेळाने शेजारच्या वाड्यावरच्या वयनीचा फोन. मेसेज लांब आहे गो, मी सुंगटं सोलते आहे, हात भरलेत, तोंडीच सांग. स्पीकरवर टाकलंय. सांगितलं. म्हणाली शेवट पण सांग, म्हणजे मग वाचायला नको.

पुस्तकात दुष्काळ पडतो आणि वस्ती ओसाड होते. मी सांगितलं पाऊस पडतो, मास्तराचं लग्न होतं, सगळ्यांना बोकडाचं जेवण.

‘बरें जालें,’ वयनी म्हणाली. ‘मला वाटलं रडवणार. पोराला सांगते, त्याला शाळेत ह्याच्यावर निबंध आहे.’